घर बांधावे, तसे सांधावेही

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेचा सुवर्णमहोत्सव साजरा होत असताना तिच्या वास्तूंचा उल्लेख अभिमानाने व्हावा, हे स्वाभाविकच आहे. कोनशिलेवर तारीख कोरलेली असते, प्रवेशद्वाराजवळ देणगीदारांची नावे संगमरवरात झळकत असतात. परंतु भिंतीच्या पोटात काय आहे, खांबातील सळया कशा बांधल्या आहेत, याची नोंद कोणत्याही शिलेवर नसते. ती नोंद धरणी वाचते. आणि तीही एकदाच, काही सेकंदांत. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे : भूकंपाच्या भूमीवर मनुष्याने कसे राहावे आणि त्याचे घर कसे उभे राहावे.

महाराष्ट्राची भूमी स्थिर आहे, भूकंप हा हिमालयाचा, आसामचा किंवा जपानचा प्रश्न आहे, अशी समजूत एके काळी सामान्य माणसाचीच नव्हे, तर जाणकारांचीही होती. दख्खनचे पठार म्हणजे काळ्या कातळाचा अभेद्य पाट, तो कशाला हलेल, असे मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या खोऱ्याला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि ही समजूत कायमची मोडली. सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, कोयनानगरातील बहुसंख्य घरे कोसळली. १०३ मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले. परंतु धरण उभे राहिले, आणि पुढे ते अधिक भक्कम करण्यात आले. जलाशय भरू लागल्यापासून या परिसरात सुरू झालेली भूकंपांची मालिका जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाली. त्याच भागात पुढे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेऊन कातळाची तपासणी करण्यात आली. तरीही अमुक दिवशी, अमुक वेळी भूकंप होईल असे भाकीत आजही कोणी करू शकत नाही. तसे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. भूकंपाचा दिवस मनुष्याच्या हाती नाही. घर मात्र आहे.

किल्लारीचे माळवद

१९९३ सालची अनंत चतुर्दशी. गणेश विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपी गेली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसरात धरणी हादरली. तीव्रता सुमारे ६.२ ते ६.४ होती. जगात एवढ्या तीव्रतेचे भूकंप दरवर्षी अनेक होतात आणि कित्येकदा त्यात फारशी प्राणहानी होत नाही. किल्लारीच्या परिसरात मात्र सरकारी नोंदीनुसारच सुमारे आठ हजार माणसे गेली. एवढ्या मध्यम धक्क्याने एवढा संहार का व्हावा, या प्रश्नाचे उत्तर त्या घरांतच होते.

मराठवाड्यातील ती घरे दरिद्री नव्हती. दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड अशा दगडी भिंती आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राही, धान्य वाळत घालता येई, रात्री वर निजता येई. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी नवी माती पसरावी लागे. जुनी मात्र सहसा काढली जात नसे. पिढ्यान्‌पिढ्या हा थर वाढत गेला आणि डोक्यावर टनांनी भार साठला. भिंतीचेही तसेच. बाहेरून ती एकसंध दिसे. पण प्रत्यक्षात आतला व बाहेरचा असे दगडांचे दोन वेगळे पदर असत, आणि मध्ये मुरूम, माती व दगडाचे तुकडे भरलेले असत. दोन्ही पदरांना जोडणारा, भिंतीच्या आरपार जाणारा दगड क्वचितच घातलेला असे. सांधायला सिमेंट किंवा चुना नव्हता, माती होती. धक्का बसताच पदर एकमेकांपासून सुटले, मधला भराव ढासळला आणि वरचे माळवद झोपलेल्या माणसांवर आले. अनेकांचा जीव दगडाच्या घावाने गेला, तसाच मातीखाली श्वास कोंडूनही गेला.

त्याच गावांत एक विलक्षण दृश्यही दिसले. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींवर नव्हता, नीट जोडलेल्या लाकडी खांबांवर व तुळयांवर होता, अशा अनेक ठिकाणी भिंती पडल्या, पण खण उभे राहिले. एकाच गावात, एकाच धक्क्यात एक घर जमीनदोस्त होते आणि दुसऱ्याचे छप्पर टिकते. याचे कारण दैवात शोधण्याची आवश्यकता नाही. ते सांध्यात सापडते.

भूकंपानंतर लोकांच्या मनात दगडाविषयी आणि लाकडाविषयीही भीती बसली. जो तो सिमेंटच्या स्लॅबची मागणी करू लागला. ज्यांनी घरातील माणसे दगडाखाली गमावली, त्यांची ही भावना समजण्यासारखी होती. परंतु अपराध दगडाचा नव्हता. दगड एकमेकांना धरून नव्हते, हा अपराध होता. हे ज्यांच्या ध्यानात आले नाही, त्यांची पुढची चूक सिमेंटमध्ये झाली. तिची कथा पुढे येईलच.

घर पडते कसे ?

एस. टी. अचानक सुटली की उभा प्रवासी मागे फेकला जातो. पाय गाडीबरोबर जातात, धड मागे राहते. भूकंपात घराचे नेमके हेच होते. जमीन पायाला ओढून नेते, छप्पर आपल्या जागी राहू पाहते, आणि मधल्या भिंती-खांबांवर ताण येतो. क्षणार्धात जमीन उलट दिशेला वळते आणि ताणही उलटतो. छप्पर जितके जड, तितका हा ताण अधिक. वस्तू जड असली म्हणजे ती भक्कम, हा रोजच्या व्यवहारातला हिशेब येथे उलटा लागू होतो.

दुसरी गोष्ट अशी की, भिंत स्वतःच्या लांबीच्या दिशेने पुष्कळ जोर सहन करते. पण आडव्या अंगाने ढकलली तर सहज पडते. उभे ठेवलेले बंद पुस्तक बोटाने लोटले तरी पडते. तेच किंचित उघडून कोनात ठेवले तर उभे राहते. चारही भिंती कोपऱ्यांत एकमेकींना घट्ट धरून असल्या, तर जी भिंत आडवी ढकलली जाते तिला शेजारच्या दोन भिंती सावरतात. कोपरे उकलले की प्रत्येक भिंत एकटी पडते आणि मग कोसळते.

व्यापारी समाजाला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागू नये. कापडाचे तागे नुसते एकावर एक रचले, तर गाडीच्या पहिल्याच गचक्याला थप्पी ढासळते. तेच तागे दाबून, लोखंडी पट्टीने आवळून त्यांची गासडी बांधली, तर ती गाडीत हादरते, प्रसंगी खाली आपटते, पण सुटत नाही. माल तोच, वजन तेच. फरक फक्त पट्टीचा. घराला अशीच पट्टी लागते. स्थापत्यशास्त्रात तिला भूकंपरोधक पट्टा म्हणतात. जोत्याच्या पातळीवर एक, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर म्हणजे लिंटेलच्या पातळीवर दुसरा आणि छप्पर उतरते असेल तर त्याच्या तळाशी तिसरा, असा सळया घातलेल्या काँक्रीटचा पट्टा घराच्या सर्व भिंतींवरून, कोठेही न तुटता फिरवावयाचा असतो. या तिघांत लिंटेलचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा. त्याच्या जोडीला कोपऱ्यांत पायापासून छपरापर्यंत उभ्या सळया, दगडी भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारे दगड, आणि दारे-खिडक्या कोपऱ्यांना लागून न ठेवणे, एवढी पथ्ये पाळली तर साध्या दगड-विटांचे घरही माणसांवर कोसळत नाही. यासाठी एकूण खर्चात काही टक्क्यांचीच भर पडते. किल्लारीनंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि इतर असंख्य जुन्या घरांच्या दुरुस्तीत हीच तत्त्वे वापरण्यात आली.

क्वेट्ट्याचा धडा

ही विद्या काल-परवाची नाही. अविभाजित हिंदुस्थानच्या बलुचिस्तान प्रांतात १९३१ साली मोठे भूकंप झाले. त्यानंतर रेल्वेतील एस. एल. कुमार या तरुण भारतीय अभियंत्याने कर्मचाऱ्यांसाठी भूकंपाला तोंड देतील अशी निवासस्थाने आखली. रेल्वेला रुळांची वाण नव्हती. रुळांच्या सांगाड्याने त्यांनी भिंतींना जखडले. १९३३ मध्ये त्यांनी या विषयावर निबंध लिहिला आणि त्यात देशाचा भूकंपप्रवणतेनुसार विभागलेला नकाशाही दिला. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. तीस हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्या ढिगाऱ्यांमध्ये कुमार यांची घरे जवळपास धक्का न लागता उभी होती. भूकंपरोधक बांधकाम शक्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर भारतीय अभियंत्याने तेव्हाच देऊन ठेवले होते.

स्वातंत्र्यानंतर रुरकी येथे प्रा. जय कृष्ण आणि प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या विद्वानांनी हे शास्त्र वाढविले. १९६२ मध्ये भूकंपरोधक रचनेचे भारतीय मानक प्रसिद्ध झाले आणि प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर त्यात सुधारणा होत गेली. किल्लारीचा परिसर १९९३ पूर्वी देशातील सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारणेत तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. म्हणजे भारताचा कोणताही भाग भूकंपाच्या भयापासून मुक्त नाही, हे अधिकृतपणे मान्य झाले. त्या नकाशात मुंबई व पुणे तिसऱ्या, तर कोयना परिसर चौथ्या विभागात दाखविला गेला.

कच्छ आणि अहमदाबाद

२६ जानेवारी २००१. सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छची भूमी ७.७ तीव्रतेने हादरली. तीव्रतेच्या मापात एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे किल्लारीच्या तुलनेत हा भूकंप किती प्रचंड होता याची कल्पना येते. तेरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भुज, भचाऊ, अंजार, रापर ही नगरे ढिगाऱ्यांत बदलली. भद्रेश्वरच्या प्राचीन जिनालयाचीही मोठी हानी झाली. महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या कच्छी कुटुंबांपैकी क्वचितच कोणी असेल, ज्याच्या आप्तांना त्या दिवसाची झळ पोहोचली नाही. अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताक दिनाची फेरी जात होती. दोन्ही बाजूंच्या जुन्या भिंती कोसळल्या आणि दोनशेच्या आसपास विद्यार्थी व शिक्षक त्यांखाली गाडले गेले. त्यांच्या स्मृत्यर्थ अंजार येथे उभारलेले स्मारक २०२२ साली लोकार्पित झाले. त्या मुलांची स्वतःची घरे कितीही भक्कम असती, तरी ती वाचली नसती. शेजाऱ्याची भिंत हीही प्रत्येकाची चिंता असली पाहिजे, हे त्या गल्लीने शिकविले.

याच कच्छमध्ये बन्नीच्या भागातील भुंगे, म्हणजे गोल, हलक्या भिंतींची आणि शंकूसारख्या गवती छपराची पारंपरिक घरे, बहुसंख्येने टिकून राहिली. गोल भिंतीला उकलायला कोपरा नसतो आणि हलक्या छपरात मारण्याइतका भार नसतो. शास्त्र शिकलेले नसतानाही वाडवडिलांनी अनुभवातून ते घरात उतरविले होते.

अहमदाबाद भूकंपाच्या केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तेथे सिमेंट-काँक्रीटच्या सत्तरच्या आसपास बहुमजली इमारती कोसळल्या आणि साडेसातशेच्या सुमारास माणसे गेली. कित्येक इमारती तर अगदी अलीकडच्या, नव्या होत्या. किल्लारीनंतर ज्या स्लॅबवर लोकांनी श्रद्धा ठेवली होती, तो स्लॅबच येथे एकावर एक पत्त्यांसारखा पडला. तपासणीत जी कारणे पुढे आली, ती प्रत्येक शहरवासीयाने समजून घ्यावीत अशी आहेत.

पहिले कारण तळमजला. वाहनांसाठी किंवा दुकानांसाठी तळमजला मोकळा ठेवलेला, नुसत्या खांबांवर उभा. आणि वरच्या सर्व मजल्यांवर भिंतीच भिंती. धक्का बसला की वरचा भाग एका अखंड ठोकळ्यासारखा हलतो आणि वाकण्याची सगळी शिक्षा खालच्या खांबांना भोगावी लागते. जाडजूड देहाच्या माणसाला बांबूच्या काठ्यांवर उभे करण्यासारखाच हा प्रकार. मोकळा तळमजला ठेवावयाचाच असेल, तर त्याचे खांब नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक बळकट हवेत किंवा काही ठिकाणी पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या भिंती हव्यात.

दुसरे कारण खांबातील रिंगा. उभ्या सळयांना आवळून धरणारी ही बारीक सळईची कडी किरकोळ वाटते. पण खांबाची गासडी बांधणारी पट्टी तीच. तिचे टोक काटकोनात वाकवून सोडले, तर हादऱ्यात ते उघडते, आतील काँक्रीट फुटून बाहेर येते आणि सळया वाकतात. टोक आणखी वळवून, १३५ अंशांत, खांबाच्या गाभ्यात शिरले पाहिजे. आणि खांब तुळईला मिळतो त्या वरच्या व खालच्या भागात रिंगा दाट असल्या पाहिजेत. या कामाला लागणारे जादा लोखंड किती ? इमारतीच्या दर्शनी भागावर होणाऱ्या सजावटीच्या खर्चापुढे नगण्य. लागते ती देखरेख.

तिसरे कारण मधल्याच मजल्यावर सुरू होणारे, खाली आधार नसलेले खांब; चौथे, गच्चीवरील मूळ हिशेबात न धरलेल्या पाण्याच्या टाक्या व वाढीव मजले; पाचवे, कमी सिमेंट, खराब वाळू आणि काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी न मारणे. मानके त्या वेळीही छापील स्वरूपात उपलब्ध होती. ती पाळली जात आहेत की नाही, हे पाहणारे कोणी नव्हते. ग्राहकाने संगमरवर पाहिला, लिफ्ट पाहिली, दर चौरस फुटाचा भाव पाहिला. रचनाकार अभियंता कोण, हे विचारले नाही. बाजारात जे विचारले जात नाही, ते मालात येत नाही.

संस्थेचे आणि कुटुंबाचे कर्तव्य

किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतीलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली गेली. समाजाच्या दातृत्वाचा तो उज्ज्वल दाखला आहे. संकट कोसळल्यावर धावून जाण्यात हा समाज कधी मागे राहिलेला नाही. परंतु मुलाच्या डोक्यावरचे छप्पर पडल्यानंतर दिलेल्या दानापेक्षा ते पडूच नये यासाठी केलेला खर्च अधिक मोलाचा. या दुसऱ्या खर्चाची पावती कोणी फाडत नाही, त्याची शिला लागत नाही. कदाचित म्हणूनच तो होत नाही. म्हणून काही गोष्टी निश्चयपूर्वक करावयास हव्यात.

प्रत्येक संस्थेने आपल्या जुन्या वास्तूंची तपासणी अनुभवी रचनाकार अभियंत्याकडून करून घ्यावी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी सांगितलेली आहे. मात्र गळती व गंज पाहणे वेगळे आणि भूकंपात इमारत कशी वागेल हे तपासणे वेगळे. दुसरा प्रश्न अभियंत्याला स्पष्टपणे, लेखी विचारावा. दोष आढळला म्हणजे वास्तू पाडलीच पाहिजे असे नाही. खांबांभोवती सळया व काँक्रीटचे नवे कवच घालणे, जुन्या भिंतींना बाहेरून पट्टे देणे, असे उपाय आहेत.

नवी वास्तू उभारताना वास्तुरचनाकाराच्या सुंदर आराखड्याबरोबर अभियंत्याचा हिशेबही विश्वस्तांच्या बैठकीत मांडला जावा, आणि स्लॅब भरण्यापूर्वी सळया पाहिल्याची सही दप्तरी राहावी. दरवर्षी हिशेब तपासनीसाशिवाय ताळेबंद मंजूर न करणारा समाज खांबांचा ताळेबंद तपासल्याशिवाय मंजूर का करतो, याचा विचार व्हावा.

व्यापारी बंधूंनी एक पथ्य पाळावे. दुकानाचा दर्शनी भाग मोठा करण्यासाठी तळमजल्यावरची भिंत काढणे, खांब तासणे, पोटमाळ्यावर गासड्यांची थप्पी लावणे, हे प्रकार सर्रास होतात. चार फुटांची जादा जागा वरच्या मजल्यांवरील कुटुंबांच्या प्राणांवर उधार घेतलेली असते. दुकानातील उंच कपाटे व घोडे भिंतीला जखडावेत, जड माल खाली आणि हलका वर ठेवावा. घरातही पलंगाच्या डोक्याशी जड कपाट किंवा काचेची चौकट नसावी.

प्रत्यक्ष धक्क्याच्या वेळी जिन्याकडे व लिफ्टकडे धाव घेऊ नये. मजबूत टेबलाखाली बसावे, डोके व मान झाकावी, खिडक्यांपासून दूर राहावे. बाहेर मोकळ्यावर असल्यास तेथेच थांबावे, भिंतीच्या कडेला उभे राहू नये. धक्का थांबल्यावर गॅस व विजेचे बटण बंद करून बाहेर पडावे. मागाहूनही धक्के येतात, म्हणून तडा गेलेल्या घरात तपासणीशिवाय परतू नये. शाळांतून व वसतिगृहांतून याचा वर्षातून एकदा तरी सराव व्हावा.

कोयना, किल्लारी आणि कच्छ यांत हजारो माणसे गेली. त्यांपैकी फार मोठी संख्या धरणीने मारलेली नाही. मनुष्याने रचलेल्या, पण न सांधलेल्या भिंतींनी मारलेली आहे. जाणून-बुजून कोणी त्यांचा घात केला नाही, असावधपणे झाला. या असावधपणाला जैन विचारात प्रमाद म्हणतात आणि त्याला हिंसेपासून दूर मानले जात नाही. मुंगी चिरडू नये म्हणून पाऊल जपून टाकणाऱ्या समाजाने, ज्या छपराखाली शेकडो मुले निजतात त्या छपराचा सांधा तेवढ्याच जपणुकीने पाहावा. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेच्या प्रत्येक वास्तूची अशी तपासणी पूर्ण झाली, तर शताब्दीच्या दिवशी जमणाऱ्या पिढीला त्याच भिंतींच्या आधाराने निर्धास्त बसता येईल.

जय जिनेंद्र !